खुला शेवट कसा वाचावा? जपानी पडद्यावरील चिनी मालिका आणि त्यांचे दिग्दर्शक

पन्नास भागांची मालिका रात्री जागून संपवावी आणि अखेरच्या दृश्यानंतर नायक जिवंत आहे की नाही हेच कळू नये, हा अनुभव चिनी मालिका पाहणाऱ्यांना नवा नाही. जपानमध्ये तो अधिकच सहज येतो, कारण येथे या मालिकांना वर्षानुवर्षांचा प्रेक्षक आहे. बीएस उपग्रह वाहिन्या, 'वाउवाउ'सारखी सशुल्क वाहिनी, 'चॅनेल गिंगा' यांनी त्या घरोघरी पोहोचवल्या. २०२० मध्ये तर खुद्द एनएचकेच्या मुख्य वाहिनीवर चीनच्या पहिल्या सम्राटाच्या आईची कथा सांगणारी मालिका दाखवली गेली. येथे राहणारा मराठी प्रेक्षक बहुधा जपानी किंवा इंग्रजी उपशीर्षकांच्या आधारे हे सारे पाहतो; म्हणजे मूळ चिनी संवाद आणि त्याची समजूत यांच्यामध्ये आणखी एक भाषा उभी असते. शेवट संदिग्ध असेल तेव्हा हे अंतर चांगलेच जाणवते.

(पुढील लेखात काही मालिकांचे शेवट सांगितले आहेत, याची नोंद घ्यावी.)

असा शेवट समोर आला की दोन उत्तरे तत्काळ दिली जातात. एक, 'सेन्सॉरने कापले असणार'. दुसरे, 'पुढचा भाग काढायचा असणार'. दोन्ही उत्तरे कधीकधी बरोबर असतात. पण ती दिली की विचार थांबतो, हा त्यांचा दोष आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते अखेरच्या दृश्याचा अर्थ अखेरच्या दृश्यात शोधू नये. दिग्दर्शकाने पहिल्या भागापासून प्रेक्षकाच्या डोळ्यांना काही सवयी लावलेल्या असतात: काय दाखवायचे, काय चौकटीबाहेर ठेवायचे, कोणता सूर वाजला की काय घडते. शेवटचे दृश्य हा त्या सवयींचाच उपयोग असतो.

महामीलनाची परंपरा आणि तिचे विरोधक

जुन्या चिनी नाट्यपरंपरेत कथा गोड करण्याचा आग्रह असे. सर्व पात्रे एकत्र येतात, अन्यायाचे परिमार्जन होते आणि पडदा पडतो. या शेवटाला चिनी भाषेत 'दाथ्वानयुआन' म्हणतात. मराठीत त्याला 'महामीलन' म्हणता येईल. आपल्याकडे संस्कृत नाटकाच्या पाच अवस्थांमध्ये शेवटची अवस्था 'फलागम' मानली आहे, तिचा हा सख्खा शेजारी. विसाव्या शतकाच्या आरंभी चिनी लेखकांनी या गोडपणावर कठोर टीका केली. त्यांत अग्रणी होते लू शुन. ऐन विशीत ते जपानमध्ये होते आणि १९०४ ते १९०६ या काळात सेंदाई येथे वैद्यकीय शिक्षण घेत होते. 'आ क्यूची खरी कहाणी' या त्यांच्या दीर्घकथेच्या शेवटच्या प्रकरणाचे नावच 'महामीलन' आहे आणि त्या प्रकरणात नायकाला देहदंड होतो. याहून कडवट विनोद विरळा.

याच लू शुन यांनी १९२१ मध्ये अकुतागावा र्यूनोसुके यांच्या 'राशोमोन' कथेचे चिनी भाषांतर केले. या कथेच्या शेवटाचा इतिहास आपल्या विषयासाठी अतिशय उद्बोधक आहे. धन्याने कामावरून काढलेला एक सेवक पावसात ओस पडलेल्या नगरद्वाराखाली बसला आहे. वर प्रेतांचे केस उपटणारी एक म्हातारी त्याला सापडते. जगण्यासाठी आपण हे करतो, असे ती सांगते. तेच तत्त्व उचलून तो तिची वस्त्रे हिसकावतो आणि अंधारात नाहीसा होतो. १९१५ साली कथा प्रथम छापली गेली तेव्हा तो लुटालूट करण्यासाठी शहराकडे निघाला आहे, असे शेवटी स्पष्ट म्हटले होते. १९१८ च्या संग्रहात अकुतागावांनी ते वाक्य काढून टाकले आणि तो पुढे कोठे गेला हे कोणासच ठाऊक नाही, अशा आशयाचे वाक्य ठेवले. लेखकाला उत्तर माहीत होते, छापूनही झाले होते, आणि तरीही त्याने ते मागे घेतले. ही कथा जपानमधील उच्च माध्यमिक शाळांच्या भाषाविषयक पाठ्यपुस्तकांत दीर्घकाळ आहे आणि सेवकाचे पुढे काय झाले असेल ते लिहा, हा वर्गातला परिचित अभ्यास आहे. खुल्या शेवटाला येथला प्रेक्षक थोडा कमी बिथरतो, त्याचे एक कारण कदाचित या शाळकरी तालमीत असावे. अर्थात जपानी प्रेक्षक कधी चिडतच नाही असे नाही. १९९५–९६ मधील 'इव्हँगेलियन' या अॅनिमे मालिकेचे शेवटचे दोन भाग नायकाच्या मनातच घडले, तेव्हा झालेला गदारोळ प्रसिद्ध आहे.

चीनमध्ये दूरचित्रवाणीने शेवटाचा प्रश्न सर्वांत गंभीरपणे हाताळला तो १९८७ मध्ये. 'लाल महालाचे स्वप्न' या अभिजात कादंबरीची साओ श्वेछिन यांची सर्वमान्य प्रकरणे ८०. १७९१ मध्ये ती १२० प्रकरणांची होऊन छापली गेली आणि उरलेली ४० कोणाच्या हातची, यावर अभ्यासकांचा वाद अजून चालू आहे. वांग फूलिन यांनी दिग्दर्शित केलेल्या ३६ भागांच्या मालिकेने ती ४० प्रकरणे बाजूला ठेवली आणि संशोधकांनी जुन्या टिपांवरून उभा केलेला शेवट स्वीकारला. कोणता शेवट खरा, हा प्रश्न तेथे करमणुकीचा नाही, ग्रंथचिकित्सेचा आहे.

आधी चित्रण, मग परवानगी, मग प्रसारण

मराठी प्रेक्षकाचा मालिकांविषयीचा अनुभव वेगळा आहे. आपल्याकडे मालिका चालू असतानाच लिहिली जाते, टीआरपी घसरला की ती 'गुंडाळली' जाते आणि गुंडाळलेला शेवट लगेच ओळखू येतो. हाच निकष चिनी मालिकेला लावला की चूक होते. तेथे मालिका सर्वसाधारणपणे पूर्ण चित्रित होते, मग प्रशासकीय तपासणीला जाते आणि नंतर प्रसारित होते. म्हणून प्रेक्षकांच्या तक्रारीमुळे शेवट बदलला, ही कुजबुज बहुधा निराधार असते.

बदल होतात ते चित्रण आणि प्रसारण यांच्या मधल्या काळात, संकलनाच्या टेबलावर आणि ध्वनिमुद्रणाच्या खोलीत. चिनी मालिकांत संवाद पुष्कळदा नंतर, व्यावसायिक आवाज-कलाकारांकडून भरले जातात. त्यामुळे चित्र तेच ठेवून वाक्य बदलता येते. एखाद्या महत्त्वाच्या क्षणी ओठ एक म्हणत असतील आणि कानी दुसरेच येत असेल, किंवा बोलणाऱ्याचा चेहरा न दाखवता पाठच दाखवली असेल, तर तेथे थांबून विचार करावा. सेन्सॉरचा संशय घ्यायचा तर अशा पुराव्यावर घ्यावा, केवळ शेवट आवडला नाही म्हणून नव्हे. लांबीचाही विचार हवा. फेब्रुवारी २०२० मध्ये चीनच्या राष्ट्रीय रेडिओ व दूरचित्रवाणी प्रशासनाने मालिका ४० भागांपुढे जाऊ नये आणि शक्यतो ३० भागांच्या आत संपावी, अशी सूचना काढली. त्याच सुमारास १२ भागांच्या आटोपशीर गुन्हेकथांना बहर आला आणि त्यांतूनच संदिग्ध शेवटाचा सर्वाधिक चर्चित नमुना पुढे आला.

एक कादंबरी, दोन देश

झी जिनचेन यांची 'वाईट मुले' ही कादंबरी २०१४ ची. तिच्यावर आधारित 'द बॅड किड्स' ही मालिका जून २०२० मध्ये आयचीयी या मंचावर आली. दिग्दर्शक शिन श्वांग, पूर्वीचे रॉक संगीतकार. मालिकेचे मूळ चिनी नाव 'दडलेला कोपरा' असे आहे. जपानमध्ये ती दाखवली गेली तेव्हा इंग्रजी नावाला 'दडलेले पाप' अशा अर्थाची चार कांजी अक्षरे जोडण्यात आली. कोपऱ्याचे पाप झाले. म्हणजे दिग्दर्शकाने जेथे जागा दाखवली होती तेथे वितरकाने निकाल लिहिला.

कथा थोडक्यात अशी. सुट्टीत फिरायला गेलेली तीन मुले गंमत म्हणून व्हिडिओ घेत असतात. त्यात मागे, दूर डोंगरकड्यावर, एक जावई आपल्या सासूसासऱ्यांना ढकलून देताना टिपला जातो. जावई झांग दोंगशेंग हा गणिताचा शिक्षक. मुलांतला झू चाओयांग हा वर्गात पहिला येणारा, एकाकी मुलगा. पुढे चाओयांगची सावत्र बहीण उंचावरून पडून मरते आणि त्या क्षणी तो नेमके काय करत होता, हा प्रश्न मालिकाभर सलत राहतो. चिनी अक्षरे वाचता येणाऱ्याला येथे एक खूण दिसते: 'चाओयांग' म्हणजे सकाळचा सूर्य आणि 'दोंगशेंग' म्हणजे पूर्वेला उगवणे. खुनी आणि मुलगा यांना लेखकाने एकाच सूर्योदयाची नावे दिली आहेत.

शिन श्वांग यांची पद्धत अशी की हिंसा दूरून आणि स्वच्छ उन्हात दाखवायची, पण घरातल्या साध्या गोष्टी जवळून, अंगावर काटा येईल इतक्या जवळून. झांग आरशासमोर केसांचा टोप उतरवतो ते दृश्य, किंवा आई मुलाला दूध प्यायला लावते ते दृश्य, कोणत्याही खुनापेक्षा अधिक अस्वस्थ करते. दुसरी सवय सुरांची. मुलीच्या मृत्यूच्या वेळी 'छोटी पांढरी नाव' हे बालगीत ऐकू येते आणि त्यानंतर ते कानी पडले की प्रेक्षक मृत्यूची वाट पाहू लागतो. (हे गीत मुळात कोरियन; जपानी राजवटीच्या काळात, १९२४ मध्ये, युन गुक-यंग यांनी रचलेले. चिनी मुलांच्या दोन-तीन पिढ्या ते आपलेच समजून गात आल्या.)

तिसरी आणि निर्णायक खूण म्हणजे देकार्तची गोष्ट. झांग ती सांगतो. तत्त्वज्ञ देकार्त आणि स्वीडनची राजकन्या यांच्या प्रेमाची दंतकथा आहे: राजाने त्याला दूर केले, त्याने तिला एक समीकरण पाठवले आणि तिने ते काढून पाहिले तेव्हा हृदयाची आकृती उमटली. इतिहास वेगळा आहे. क्रिस्तिना तेव्हा राजकन्या नव्हे, राणीच होती; तिच्या निमंत्रणावरून देकार्त १६४९ मध्ये स्टॉकहोमला गेला आणि फेब्रुवारी १६५० मध्ये तेथल्या थंडीत न्यूमोनियाने वारला. एकाच माणसाच्या दोन गोष्टी, एक मुलांना सांगण्याजोगी आणि एक खरी. हे एकदा ऐकवल्यावर मालिकेचा शेवट दोन थरांवर चालतो. झांग पोलिसांच्या गोळीने मरतो, चाओयांग पुन्हा शाळेत जातो, सगळे मार्गी लागल्यासारखे दिसते. पण उरलेल्या दोन मुलांविषयी, विशेषतः पूपू या मुलीविषयी, जे दाखवले जाते ते दोन्ही बाजूंनी वाचता येते. ज्याला परीकथा हवी त्याला ती मिळते. ज्याने सूर, अंतर आणि प्रकाश यांच्या सवयी लक्षात ठेवल्या त्याला शाळेचे ते उजळ पटांगण पाहून धास्ती वाटते.

चिनी मालिकांत गुन्हेगाराला शासन व्हावे, ही अपेक्षा सर्वश्रुत आहे. अल्पवयीन मुलगा खुनी असून सुटला, असे सरळ दाखवणे कठीणच होते. म्हणून काहींनी हा शेवट तडजोड ठरवला. ते पूर्ण खरे वाटत नाही, कारण मूळ कादंबरीही निकाल देत नाही. तेथे मुलाची रोजनिशी हा मोठा पुरावा आहे, ती बनावट असावी असा संशय यान लियांग या माजी पोलिसाला येतो आणि तो ते कळवतो की नाही, हे लेखक सांगत नाही. मालिकेने हे यान लियांग नाव तिघांतल्याच एका मुलाला देऊन टाकले आहे. संशय घेणारा जाणता माणूस कथेतून गेला आणि ती जागा प्रेक्षकाची झाली.

या मांडणीचे मोल कळते ते जपानी रूपांतराशेजारी ठेवल्यावर. हायाकावा प्रकाशनाने कादंबरीचे जपानी भाषांतर २०२१ मध्ये काढले आणि मार्च २०२४ मध्ये 'गोल्ड बॉय' हा चित्रपट आला. दिग्दर्शक कानेको शूसुके, 'गामेरा' चित्रत्रयी आणि 'डेथ नोट'मुळे परिचित. कथा ओकिनावात आणली आहे. खुनी जावई झाला आहे ओकादा मासाकी. पात्रांच्या नावांत मूळ अक्षरे राखून फक्त उच्चार बदलले: चाओयांगचा 'आसाही' झाला, दोंगशेंगचा 'हिगाशी नोबोरू'. सूर्योदय दोन्हीकडे शाबूत राहिला. कानेको मात्र मुलाच्या अपराधाबद्दल संशय ठेवत नाहीत. त्यांचा मुलगा थंड डोक्याचा, हिशेबी आणि उघडच भयंकर आहे. चित्रपट वेगवान आहे, ओकिनावाचा निळा समुद्र त्यातील क्रौर्याला वेगळीच धार देतो. परंतु तो पाहून आपण त्या मुलाला घाबरतो आणि बाहेर पडतो. मालिका पाहून आपण त्याच्याविषयी निकाल देण्याच्या आपल्याच घाईला घाबरतो. ज्या देशात सरळ दाखवण्यास आडकाठी नाही तेथे उत्तर मिळाले आणि जेथे आहे तेथे प्रश्न अधिक खोल गेला, ही गोष्ट बंधनांचे समर्थन म्हणून कोणी वापरू नये. पण ती नोंदवणे भाग आहे.

जे बोलता आले नाही

बंधनातून आलेली संदिग्धता पाहायची तर 'द अनटेम्ड' ही २०१९ ची ५० भागांची मालिका पाहावी. मो श्यांग थोंग श्यू यांच्या कादंबरीत वेई वूश्येन आणि लान वांगजी हे दोन पुरुष निःसंदिग्धपणे एकमेकांचे प्रेमी आहेत. चिनी पडद्यावर ते शक्य नव्हते. मालिकेत ते 'जिवलग' आहेत. पुढे २०२१ च्या शरदापासून अशा कादंबऱ्यांच्या रूपांतरांवर प्रशासनाने अधिकच करडी नजर ठेवली. शेवटी दोघे वेगळ्या वाटांनी जातात. वेई कड्यावर उभा राहून बासरी वाजवतो, मागून त्याला हाक ऐकू येते, तो वळतो आणि हसू लागतो. हाक मारणारा दिसत नाही.

येथे सवयींचा नियम लावून पाहावा. लान घराण्याच्या कपाळपट्टीला परक्याने हात लावायचा नसतो, हे आरंभी सांगितले जाते. आणि लवकरच लान स्वतः ती वेईच्या मनगटाला बांधतो. सोळा वर्षांनी दुसऱ्या रूपात परतलेल्या वेईला लान ओळखतो तो एका धुनेवरून, जी त्या दोघांनाच ठाऊक आहे. म्हणजे मालिकेने प्रेक्षकाला शिकवले आहे की ती धून वाजली की तो येतो. शेवटच्या दृश्यात धून वाजते. मग कोण आले, हे विचारण्याची गरज राहत नाही. जे उच्चारायला बंदी आहे ते दिग्दर्शकांनी आधीच्या भागांत साठवून ठेवले आणि अखेरीस एका वळण्यात खर्च केले.

'वाउवाउ'ने ही मालिका २०२० मध्ये जपानमध्ये आणली आणि कादंबरीचे जपानी भाषांतर २०२१ मध्ये येथल्या दुकानांत आले. परिणामी जपानी वाचक कादंबरीतला स्पष्ट शेवट पुस्तकात वाचतो आणि मालिकेतला झाकलेला शेवट पडद्यावर पाहतो. चीनमधील तरुण प्रेक्षकाला मात्र पडद्यावर तो झाकलेलाच पाहावा लागला.

खोंग शेंग आणि ली श्वे यांची 'निर्व्हाना इन फायर' (२०१५, ५४ भाग) वेगळ्या जातीची आहे. नायक मेई चांगसू आजारी शरीराने अखेरच्या युद्धावर निघतो आणि त्याचा मृत्यू दाखवलाच जात नाही. काही प्रेक्षक त्यावरून तो वाचल्याची आशा धरतात. ती आशा मालिकेला मान्य नाही. खोंग शेंग मुळात छायालेखक. त्यांच्या चौकटी संयत, समतोल, दरबारी अंतर राखणाऱ्या असतात. अशा शैलीत मृत्यूकडे पाठ फिरवणे ही संदिग्धता नसते, तो शिष्टाचार असतो. आपल्याकडे चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) आठवावा. न्यायाधीश सुट्टीवर गेला आहे, बाकावर डुलकी घेतो, दचकवणाऱ्या मुलांपैकी एकाला थप्पड मारतो आणि पुन्हा झोपतो. खटल्याचे पुढे काय झाले, असे विचारणाऱ्याने दोन तास त्या स्थिर कॅमेऱ्याकडे लक्ष दिलेले नाही, एवढेच म्हणता येईल.

शिन श्वांग यांनी २०२३ मध्ये केलेली 'द लाँग सीझन' ही १२ भागांची मालिका तर आरंभीच उत्तर देऊन ठेवते. पहिल्या दृश्यात मक्याच्या शेतातून आगगाडी जाते. अखेरीस वृद्ध इंजिनचालक त्याच शेतात, त्याच गाडीशेजारी धावत आपल्याच तरुण रूपाला हाका मारतो. तो मेला का, हे स्वप्न आहे का, असले प्रश्न येथे गैरलागू आहेत. कारखान्याबरोबर आयुष्य गेलेल्या माणसाला मागे वळून काय सांगावेसे वाटेल, एवढेच तेथे घडते.

उपशीर्षकांचा अडसर

जपानी वितरक चिनी मालिकांना लांबलचक उपनावे जोडतात आणि त्यात पुष्कळदा गुपित फुटते. 'यान्शी राजवाड्याची कथा' या २०१८ च्या मालिकेचे जपानी नाव निषिद्ध नगरीत प्रतिशोधाने पेटलेल्या राणीचा उल्लेख करते; म्हणजे साधी दासी म्हणून आलेली नायिका कोठवर चढणार, हे पहिल्या भागाआधीच कळते.

अधिक नाजूक प्रश्न एकेका शब्दाचा असतो. 'द बॅड किड्स'मध्ये झांग मरता मरता चाओयांगला परीकथेविषयी एक छोटे वाक्य बोलतो. त्यात 'खई' हे चिनी क्रियापद आहे. त्याचा अर्थ 'शक्य आहे' असाही होतो आणि 'मुभा आहे' असाही. जपानी भाषांतरकाराला या दोहोंसाठी निरनिराळी क्रियारूपे वापरावी लागतात. मराठीतही तेच: 'तू परीकथेवर विश्वास ठेवू शकतोस' म्हटले तर तो मुलाच्या कुवतीविषयी बोलतो, 'ठेवलास तरी चालेल' म्हटले तर तो त्याला मोकळे करतो. पहिल्या वाक्यात खुनी शिक्षक आहे, दुसऱ्यात साथीदार. चिनी वाक्यात दोघेही आहेत.